भिंतीवरचं प्रमाणपत्र नेमकं कशाचं?

काहीजण म्हणतात की खासगी वृद्धाश्रमाला नर्सिंग होमचा परवाना लागतोच, मग त्यांच्या सक्तीच्या नोंदणीसाठी नवा कायदा कशाला. तिथेच घोळ आहे. 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजाऱ्यांवर उपचार करणाऱ्या जागांसाठी आहे. "आम्ही फक्त सांभाळतो" म्हणणारे चालक त्यातून अलगद निसटतात. त्यांच्याकडे असते ती ट्रस्टची नाहीतर दुकान नोंदणी. रात्री कामावर किती माणसं हवीत, हे त्यात कुठेच नसतं.

मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं डिस्चार्जनंतर थेट अशा घरांत जातात. माझ्या आत्याला सांगलीजवळच्या एका ठिकाणी ठेवलं होतं. व्हरांडा स्वच्छ, तुळस, सगळं छान. तीन आठवड्यांनी कूस बदलायला गेले तर कमरेखाली तळहाताएवढी जखम, चादर तिला चिकटलेली. चौदा जणांना रात्री एकच बाई. ती बिचारी तरी किती पुरणार! गोळ्या सगळ्यांच्या एकाच डब्यात, पाकिटांवर नावंच नाहीत.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रांताधिकाऱ्यांपुढे निर्वाहभत्ता मागता येतो, पण खासगी घरांची सक्तीची नोंदणी त्यात नाही. ती आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मंजूर मात्र झालं नाही.

तोवर जागा बघायला रात्री आठनंतर जा, न कळवता. आणि 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.