रोज हाताळायच्या किल्ल्यांना आपण कोणते कव्हर घालता? आपले अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातील सर्वांना हे आमंत्रण आहे. घराची, कपाटाची, दुचाकीची, दुकानाच्या शटरची किल्ली आपण रोज हाताळतो. तिला कव्हर घालत असल्यास ते कशाचे आहे, किती टिकले आणि त्याचा खरोखर काय उपयोग झाला, हे लिहावे. केवळ शोभेसाठी घेतले असेल तर तसेही मोकळेपणाने सांगावे. किल्ली कोणती हे मात्र जरूर नोंदवावे, कारण साध्या कुलपाची किल्ली आणि मोटारीची रिमोट किल्ली यांच्या गरजा सारख्या नसतात.

वडगाव, शिवणकाम

माझ्याकडे चोळ्यांसाठी खण येतात, त्यांत गुळेदगुड्डचेही असतात, आणि बेतल्यानंतर उरलेले काठाचे तुकडे टाकून देणे माझ्या जिवावर येते. त्यांचीच मी कव्हरे शिवते. वरून खण, मध्ये बक्रम हे ताठ कापड आणि आतून जाड सुती अस्तर असे तीन थर घेते, कारण किल्लीचे दाते आतून घासू लागले की खणाचे धागे भराभर सुटतात. कडा दुहेरी दुमडून शिवावी लागते. तेथे आळस केला तर काठ उसवलाच म्हणून समजावे. माथ्याला बारीक भोक ठेवून त्यातून नाडी ओवते. नाडी वर ओढली की किल्ल्या आत जातात आणि खालची रिंग ओढली की बाहेर येतात.

आमच्या सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांच्यासाठी देवघराच्या कपाटाच्या किल्लीला एक मणी, तिजोरीच्या किल्लीला दोन आणि मागच्या दाराच्या किल्लीला लोकरीचा गोंडा लावला आहे. त्या हाताने चाचपूनच हवी ती किल्ली काढतात. बाजारातील रंगीत टोप्यांचा त्यांना काहीच उपयोग नव्हता, कारण सगळ्या टोप्या हाताला सारख्याच लागत.

खानापूर, शिक्षक

वडगावच्या ताईंची कव्हरे देखणी असणार यात शंका नाही, पण आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात कापड वाळायचे नाव घेत नाही. मी मोटारसायकलच्या किल्लीला सिलिकॉनचे कव्हर वापरतो. ते पाणी शोषत नाही. मात्र आत गेलेले पाणी सहज बाहेरही येत नाही. पितळी किल्लीला त्याचे फारसे काही होत नाही, परंतु लोखंडी किल्लीला आणि रिंगेला आतल्या आत गंज चढतो व त्याचे डाग कव्हरवर उमटतात. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी कव्हर काढून किल्ली कोरड्या फडक्याने पुसावी, एवढीच माझी शिफारस आहे. सिलिकॉनसारखे दिसणारे स्वस्त मऊ प्लास्टिक मात्र घेऊ नये. त्याला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते, ते खिशात चिकट होते आणि त्यावर सुपारीच्या भुग्यापासून खडूच्या धुळीपर्यंत सर्व काही बसते.

उद्यमबाग, वाहनदुरुस्ती

मोटारीच्या किल्लीविषयी थोडे सविस्तर लिहितो. पुष्कळ गाड्यांच्या किल्लीच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. गाडीत किल्ली लावायच्या कुलपाभोवती असलेल्या तारेच्या गुंडाळीतून तिला ऊर्जा मिळते, ती आपली ओळख पटवते आणि मगच इंजिन सुरू होते. सिलिकॉन, चामडे किंवा कापड यांचा तिला अडथळा होत नाही, पण शोभेची धातूची कव्हरे मुठीला चारी बाजूंनी वेढतात आणि गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही. गिऱ्हाईक बॅटरी बदलते, वायरिंग तपासून घेते आणि दोष निघतो कव्हरचा. रिमोटची नाण्यासारखी बॅटरी निराळी; अनेक किल्ल्यांत ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते आणि तिचे काम दार उघडण्याचे. कव्हर इतके घट्टही नसावे की खिशात बटण दाबलेलेच राहील, कारण त्याने ही बॅटरी लवकर संपते.

अथणी, चप्पल कारागीर

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही आहेत, हे आपल्याकडच्या लोकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे घेतो, त्याच्या कापणीतून उरलेल्या पट्ट्यांचीच आम्ही किल्लीची कव्हरे करतो. पट्टी मधोमध दुमडून त्यात किल्ली बसवायची, टोकाला बटण लावायचे आणि कडेने चपलेसारखीच वादीची वेणी घालायची. नवे कव्हर कडक लागते. हाताच्या तेलाने ते हळूहळू मऊ व गडद होते. भिजले तर सावलीत वाळवावे, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवल्यास ते आक्रसते आणि मग किल्ली निघत नाही.

निपाणी, किराणा दुकान

मी कव्हर घालत नाही. दुकानाच्या साऱ्या किल्ल्या, वर कव्हरे आणि त्याला लोंबणारी शोभेची बाहुली, असा जुडगा स्कूटरच्या कुलपात लटकवला तर रस्त्यावरच्या प्रत्येक हिसक्याला तो कुलपाला ओढतो. स्कूटरची किल्ली एकटीच ठेवावी.

खडेबाजार, किल्ल्या बनवण्याचे काम

नक्कल करण्यासाठी किल्ली आणताना कृपया कव्हर काढून आणावे. काही किल्ल्यांच्या माथ्यावर क्रमांक कोरलेला असतो आणि तोच कव्हरखाली झाकलेला राहतो. कव्हर चढवण्यापूर्वी तो घरी वहीत लिहून ठेवावा, म्हणजे किल्ली हरवल्यास कामी येतो. काही जण कव्हरवरच घराचा पत्ता शिवून किंवा लिहून घेतात, तेवढे मात्र कोणी करू नये. सापडलेली किल्ली परत मिळावी असे वाटत असेल, तर फार तर फोन क्रमांक घालावा.