मदत हवी आहे: जपानी ‘ओव्हीए’च्या सुरुवातीच्या काळाविषयी

नमस्कार. चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी या दोन्हींना वळसा घालून थेट व्हिडिओ कॅसेटवर आलेल्या जपानी अ‍ॅनिमेशनविषयी, म्हणजेच ‘ओव्हीए’विषयी, मी टिपण लिहीत आहे. मामोरू ओशिई दिग्दर्शित ‘डॅलोस’ ही चंद्रावरील वसाहतीच्या बंडाची मालिका डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि ती या प्रकारातली पहिली मानली जाते. विशेष म्हणजे, कथेतला दुसरा भाग आधी विक्रीस आला. १९८५ची ‘मेगाझोन २३’ तर मुळात दूरचित्रवाणीसाठीच आखलेली होती. या कॅसेटचा निर्मितीखर्च घरी विकत घेणाऱ्या रसिकांकडून अधिक निघत असे की भाड्याने देणाऱ्या दुकानांकडून, हे मला नेमके समजून घ्यायचे आहे. त्यावर विश्वासार्ह पुस्तक किंवा मुलाखत कोणी सुचवेल का? जपानी भाषेतली असली तरी चालेल.