मदत हवी आहे: डिजिटल हेल्थचं ट्रेनिंग, पाच दिवसांत अधिकाऱ्यांना शिकवू तरी काय?

रानजाई:
जाणकारांनी जरा लवकर सांगा. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य कार्यक्रम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचं पाच दिवसांचं ट्रेनिंग माझ्याकडे आलंय, सोमवारी आराखडा द्यायचाय आणि कागद अजून कोराच आहे. मागच्या बॅचला इंटरऑपरेबिलिटी (वेगवेगळ्या सिस्टिम्सनी एकमेकींशी माहिती देणं-घेणं), एचएल७ फायर (FHIR, त्या देवाणघेवाणीचं मानक), आयसीडी-११ (आजारांच्या सांकेतिक क्रमांकांची यादी), क्लाउड सगळं घेतलं होतं, मनापासून तयारी केली होती, तरी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अर्धा वर्ग रिकामा. नवीन काय घालू? एआय घालू का?

जुना डेटावाला:
अधिकारी म्हणजे कोण? डॉक्टर की प्रशासनातले? कोणत्या पातळीचे? कार्यक्रम सुरू झालाय की अजून कागदावर आहे? हे कळल्याशिवाय एआय घाला की नका घालू, काय सांगणार?

कोडवेडा:
सरळ डीएचआयएस-२ या आरोग्याचे आकडे गोळा करायच्या सॉफ्टवेअरवर हात चालवायला लावा. ओस्लो विद्यापीठाने विकसित केलेलं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कितीतरी देशांची आरोग्य खाती आकडे त्यातच भरतात. स्वतः डॅशबोर्ड (आकड्यांचे तक्ते-आलेख दाखवणारा स्क्रीन) केला की माणूस विसरत नाही. नुसत्या थिअरीने झोप येते.

प्रशासनातली:
@कोडवेडा, अजिबात पटलं नाही. खातं चालवणाऱ्याने डॅशबोर्ड कशाला करायचा? समोर आलेल्या फाईलवर सही करायची की ती परत पाठवायची, हे त्याला कळायला हवं. मी अशा ट्रेनिंगला बसलेय, तीन दिवस स्टँडर्ड्सची नावं ऐकली आणि परत आल्यावर पहिल्याच मीटिंगमध्ये कंपनीचा माणूस म्हणाला आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांशी बोलतं, तर पुढे काय विचारायचं तेच सुचेना. एका लॅबचा रिपोर्ट दुसऱ्या हॉस्पिटलच्या स्क्रीनवर आत्ता आणून दाखवा, एवढं म्हणायला कुणीतरी शिकवायला हवं होतं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय आयटी कार्यक्रम घ्या चर्चेला. २००२ मध्ये सुरू, २०११ मध्ये गुंडाळायचं जाहीर झालं. कंत्राटं वरून झाली आणि ज्या डॉक्टरांनी वापरायचं त्यांना पुरेसं विचारलंच नव्हतं. अधिकाऱ्यांना हे लगेच कळतं, कारण अशी फाईल त्यांच्याही टेबलावर असते.

कोडवेडा:
पण सिस्टिम कधी हाताळलीच नाही तर प्रश्न तरी कुठून सुचणार? निदान अर्धा दिवस द्या.

निवांत:
बॅकअपचं विसरू नका. आयर्लंडच्या आरोग्यसेवेवर मे २०२१ मध्ये रॅन्समवेअर हल्ला (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) झाला तेव्हा दवाखाने परत कागदी नोंदींवर आले होते.

रानजाई:
@जुना डेटावाला, मिश्र गट आहे. चार वरिष्ठ प्रशासकीय, बाकी सार्वजनिक आरोग्यातले डॉक्टर, दोन आयटीचे. कार्यक्रमाचं तिसरं वर्ष चालू आहे, सॉफ्टवेअरचं कंत्राट पुढच्या वर्षी संपतंय. याचा ट्रेनिंगशी संबंध वाटला नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

जुना डेटावाला:
अहो ताई, हेच तर सांगायला हवं होतं! तेच कंत्राट वर्गात आणा. कंपनी बदलली तर रुग्णांचा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळणार, सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ कोड) कुणाच्या मालकीचा, देणगीचा पैसा आटल्यावर देखभालीचा खर्च कुणाच्या बजेटमध्ये, हे गटागटाने शोधायला लावा. कलम सापडलं नाही की वर्ग आपोआप जागा होतो. चौकट हवी तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांचं राष्ट्रीय ई-हेल्थ धोरण आखायचं २०१२ चं टूलकिट आहे, त्यात सात घटक आहेत: नेतृत्व, गुंतवणूक, सेवा, पायाभूत सुविधा, मानकं, कायदे आणि मनुष्यबळ. त्यातला एकच सॉफ्टवेअरचा म्हणता येईल. तुमचा मागचा कोर्स मानकं आणि क्लाउडमध्येच संपला असं वाटतं.

प्रशासनातली:
+१. आणि युगांडाही घ्या. तिथे जो तो डिजिटल हेल्थचा आपापला पायलट (छोटा प्रायोगिक प्रकल्प) चालवत होता, शेवटी २०१२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने नवे पायलट थांबवले. नाही कसं म्हणायचं आणि म्हटल्यावर काय होतं, यावर अख्खी दुपार जाईल.

वॉर्ड नंबर सात:
मी नर्स आहे. या चर्चेत आमचं कुणीच नाही म्हणून लिहितेय. आधी रजिस्टर भरायचं, मग तेच टॅबमध्ये, महिन्याच्या शेवटी परत तोच आकडा वेगळ्या फॉर्मवर. रजिस्टर बंद करायचा आदेश कुणी काढत नाही कारण तो कुणाच्या अधिकारात येतो हेच ठरलेलं नाही. ट्रेनिंगमधला एक दिवस त्यांना आरोग्य केंद्रात आणा, एका बाईची नोंद किती वेळा होते ते मोजू दे. नुसतं बघून जाणार असतील तर नको. तिथेच बसून कुठला फॉर्म बंद होऊ शकतो ते ठरवू दे.

रानजाई:
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दुसरा दिवस तुमचा, कंत्राट तिसऱ्या दिवशी, कोडवेडांचा अर्धा दिवस चौथ्याला. फायर वगैरे कंत्राट वाचताना अडेल तिथेच सांगेन. पण एक मोठी अडचण राहिलीच, या लोकांच्या बदल्या होतात. मागच्या बॅचमधले तिघे आता दुसऱ्याच खात्यात आहेत.

जुना डेटावाला:
मग एकेकटे बोलावू नका. अधिकारी, त्याच्या हाताखालचा आणि आयटीचा माणूस असे तिघे एकत्र, एकाच फाईलवर. एक गेला तरी दोघं राहतात. बदल्या साधारण कधी होतात तुमच्याकडे?