आजोबांच्या वाटपाच्या दाव्याचा हुकूमनामा कुठून काढायचा? (कागल तालुका)

कागलची लेक
नमस्कार. आजोबांनी चुलत भावांवर वाटपाचा दावा लावला होता. निकाल 1978 सालचा. घरात एकच विटका कागद आहे, त्यावर 'रे.मु.नं.' (म्हणजे दाव्याचा नंबर) एवढंच वाचता येतं, पुढचा आकडा वाळवीनं खाल्लाय. सात-बाराला अजून सगळी नावं सामाईक. तलाठी म्हणतात, हुकूमनाम्याची सर्टिफाईड नक्कल आणा. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर आजोबांचं नाव टाकून बघितलं, काही येत नाही. माहिती अधिकारात अर्ज करू का? वडील 74 वर्षांचे आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत हे व्हावं असं फार वाटतं.

बावडेकर
ताई, कोल्हापुरात आलात तर रिक्षावाल्याला नुसतं "कोर्ट" म्हणू नका. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या इमारतीत ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. जिल्हा कोर्ट कसबा बावड्यात.

जुना कारकून
मी 31 वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, त्यातला निम्मा वेळ नकलांच्या खिडकीपुढं गेला. माहिती अधिकाराच्या नादाला लागू नका. कोर्टाचे नकलेचे स्वतःचे नियम असताना ती वाट चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानंच 2020 मध्ये सांगितलंय. ज्या कोर्टात दावा चालला तिथं नकलेचा अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्ज वडिलांच्या नावानं करा, आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडा. वारसाला नक्कल मिळते; तिऱ्हाइताला मात्र कारण दाखवावं लागतं.

खरी अडचण नंबराची. एवढे जुने दावे सहसा अ‍ॅपवर नसतात. नंबर आणि साल दिलं तर रेकॉर्ड रूममधला माणूस गठ्ठा काढू शकतो. आणि साल म्हणजे दावा दाखल झाल्याचं, निकालाचं नव्हे! इथं भले भले चुकतात. नंबर चुलत घरी विचारा. प्रतिवादीला समन्स गेलेलं असतं, त्यावर तो असतोच.

अपील झालं होतं का, तेही बघा. झालं असेल तर अपिलातला हुकूमनामा शेवटचा, त्याचीही नक्कल घ्या.

आणखी एक, पोरी. शेतजमिनीत कोर्ट फक्त हिस्से ठरवतं. प्रत्यक्ष सरस-निरस वाटप (जमिनीची चांगली-हलकी प्रत बघून केलेलं) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार कलेक्टरकडं जातं, तिथून तहसील आणि मोजणी. म्हणून तहसीलच्या रेकॉर्डलाही चौकशी करा. लोक कोर्टात खेटे घालतात आणि वाटपाचा तक्ता तहसीलच्या कपाटात पडलेला असतो.

कागलची लेक
काका, त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. काल धीर करून गेले. चुलत आजीनं ट्रंकेतल्या नऊवारीच्या घडीतून समन्स काढून दिलं. साल 1974! आम्ही 78 धरून बसलो होतो. नंबर स्पष्ट आहे. आजी म्हणाली, नावं वेगळी झाली तर आमच्याही नातवाला पीककर्ज सुटसुटीत मिळंल.

जुना कारकून
मग आजीच्या घरच्यांनाही सोबत न्या. तहसीलला दोन्ही बाजू एकत्र उभ्या राहिल्या की हरकतीचं कारणच उरत नाही. आणि नकलेच्या दोन प्रती मागा, एक तलाठ्याला, एक घरी.