मदत हवी आहे : सलूनचा (म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्याचा) झुलता दरवाजा शांत कसा करायचा?

इंदूरकर रंगकर्मी मंडळी, एकांकिकेचं नेपथ्य अडलंय. काळ १८८०च्या दशकाचा, जागा अमेरिकेतलं कॅन्ससकडचं एक आडगाव. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळायची, पण पाच वर्षं तिथेच राहून कसायची अट. अशा माळावर एकटा पडलेला परका माणूस चार लोकांत बसायला मिळावं म्हणून सलूनमध्ये शिरतो. सगळे गप्प होतात. नेमका तेव्हाच दरवाजा पाच-सहा हेलकावे खातो. प्रेक्षक हसणार हे नक्की.

पल्ले दोन, प्रत्येकी दीड फूट रुंद, चार फूट उंच, १२ मिमी प्लायचे. बिजागऱ्या दोन्हीकडे उघडणाऱ्या, स्प्रिंगच्या. पल्ला हलका, स्प्रिंग कडक, म्हणून झोके थांबत नाहीत. ताण कमी केला की पल्ले मधोमध जुळत नाहीत, एक बाहेरच लोंबकळतो. (कुईकुई ग्रीसने जाते, तो प्रश्न नाही.)

शिवाय चौकट २ बाय १ इंची पट्ट्यांची, धक्क्यासरशी तीच हलते. मागे तिरका टेका देऊन त्यावर २० किलोची वाळूची गोणी ठेवली की जागची हलत नाही, पण विंगेतली वाट अडते. रंगमंचावर स्क्रू मारायला परवानगी नाही.

तर, पल्ल्याच्या वजनानेच मध्ये येणारी उताराच्या खाचेची बिजागरी सियागंजात मिळेल का? की लेथवर नायलॉनची करून घ्यावी? पल्ल्याला आतून लोखंडी पट्टी मारून वजन वाढवलं तर झोके कमी होतील की चौकटच उलटेल? प्रत्यक्ष केलेल्यांनी मापांसकट सांगा.