कबड्डीचं उन्हाळी शिबिर आणि 14 वर्षांचा मुलगा: पाण्याचं काय करू?

संत्रानगरी
मुलगा 14 वर्षांचा, कबड्डीने झपाटलेला. एप्रिलपासून शिबिर सुरू झालंय, सकाळी 7 ते साडेनऊ आणि परत संध्याकाळी 5 ला. नागपूरचं ऊन वेगळं सांगायला नको. तिसऱ्याच दिवशी घरी आला तो भिंतीला टेकून बसला. डोकं ठणकतंय, मळमळतंय, अंगावर काटा. काखेत थर्मामीटर लावला तर 99.4. पन्हं दिलं, झोपवलं, तर संध्याकाळी पठ्ठ्या परत शॉर्ट्स चढवून तयार! सर म्हणतात, मध्ये पाणी प्यायलं की पोट जड होतं, हळूहळू सवय होईल. बाटली भरलेली जाते, भरलेलीच येते. किती पाणी द्यायचं? ओआरएस रोज चालतं का? की शिबिरच बंद करू?

आजोळ
खिशात कांदा ठेवायला सांग. आम्ही शेतावर असेच वाढलो.

खाडीकाठ
कबड्डीच्या चड्डीला खिसा असतो का हो आजोळ? :) कांदा जेवणात खाऊ दे.
आमची मुलगी 13 ची, पनवेलला फुटबॉल खेळते. पारा तुमच्यापेक्षा पाच-सात अंशांनी कमी, पण हवा इतकी दमट की घाम नुसता टपकतो. टपकलेला घाम अंग थंड करत नाही, वाळलेला करतो. तुमच्याकडे उलटं: घाम लगेच वाळतो, म्हणून किती गेला ते पोरांना कळतच नाही.

मैदानमास्तर
22 वर्षं शाळेत पीटी शिकवतोय. 'पाणी पिऊ नका' हे आम्हालाही आमच्या सरांनी सांगितलं होतं, आणि मीही काही वर्षं पोरांना तेच सांगितलं. चूक होती. एका दमात अर्धा लिटर ढोसलं तर पोट डचमळणारच. चार-पाच मोठे घोट, दर 15-20 मिनिटांनी, काही होत नाही. मात्र सुट्टी सगळ्यांना एकदम द्यायची, शिट्टी वाजवून. या वयातली पोरं एकट्याने बाटलीकडे जात नाहीत, बाकीचे 'नाजूक' म्हणतील म्हणून. तुमची बाटली भरलेली परत येते, त्यामागेही बहुधा हेच असेल.

पण ताई, पाणी हा अर्धाच प्रश्न. तिसऱ्या दिवशी त्रास झाला, त्यात मला नवल वाटत नाही. अंगाला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठही कमी जातं. पहिल्याच आठवड्यात दोन वेळा पूर्ण सराव म्हणजे त्या सवयीला वेळच दिला नाही. सरांना सांगा, आठवडाभर एकच वेळ, तीही साडेआठला संपवा.

स्टेथो
बालरोगतज्ज्ञ आहे. मास्तरांशी सहमत, थोडी भर घालतो.

अमेरिकन बालरोग अकादमीने 2011 मध्ये दिलेला आकडा: 9 ते 12 वर्षांच्या मुलांना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिली, किशोरांना तासाला जास्तीत जास्त एक ते दीड लिटर. दीड लिटर ही वरची हद्द आहे, पाजायचं लक्ष्य नव्हे. अती पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचं. तुमच्या मुलाला किती लागतं ते वजनकाटा सांगेल. सरावाआधी आणि नंतर, कोरड्या कपड्यांत. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं.

तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं. त्याहून लांबलं तर मीठ घातलेलं लिंबू सरबत, घरी आल्यावर ताक आणि नीट जेवण. ओआरएसची पुडी रोज गरजेची नाही. द्याल तेव्हा पुडीवर लिहिलेल्या पूर्ण पाण्यातच कालवा.

काखेतल्या तापमानावर विसंबू नका, व्यायामानंतर ते फसवं असतं. आत 104 असताना बाहेर कमी दिसू शकतं. पोराचं वागणं बघा. बरळतोय, झोकांड्या खातोय, विनाकारण अंगावर येतोय, तर उष्माघात धरून चाला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, खेळताना झालेल्या उष्माघातात अंग बऱ्याचदा घामाने ओलंच असतं. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, हौद किंवा टबात गार पाण्यात बसवा, डोकं हातात धरून. टब नसेल तर पाणी ओतत राहा, ओले टॉवेल, पंखा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप त्या जातीचा नाही.
आणि आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब झाले असतील, तर सराव बंद.

आजोळ
मी आमच्या नातवालाही वजनकाट्यावर उभं करते आता. कांद्याचा हट्ट सोडला.

संत्रानगरी
सगळ्यांचे आभार. आज सकाळी वजन केलं: जाताना 52.4, येताना 51.1. मध्ये अर्धा लिटर प्यायला म्हणे.

स्टेथो
म्हणजे अडीच तासांत 1.8 लिटर घाम. वजनाच्या अडीच टक्के उतरलाय. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की खेळही मंदावतो. हेच सरांना सांगा, त्यांना आरोग्यापेक्षा हे लवकर पटेल.

संत्रानगरी
सांगितलं. आधी हसले, मग काटा उद्या मैदानावर आणा म्हणाले.

मैदानमास्तर
न्या. आणि लिंबूही न्या, डझनभर.