क्लबफूट: प्लास्टर आठवड्याऐवजी पंधरवड्याने बदललं तर चालेल का?

नमस्कार. मुलगा दीड महिन्याचा आहे, दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली. पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर चालू आहे, चौथं परवाच घातलं. जांघेपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात. फरक दिसतोय, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण तारखांची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी क्लबफूटची ओपीडी फक्त मंगळवारी असते. पुढचा मंगळवार नेमका गणपतीत येतोय. "मग त्याच्या पुढच्या मंगळवारी या" असं तिथल्या बाईंनी सांगून टाकलं. म्हणजे एकच प्लास्टर दोन आठवडे. इकडे मुंबईची नणंद सांगते, तिच्या ओळखीतल्या बाळाचं आठवड्यातून दोनदा बदलायचे. मग खरं काय?

शिवाय आदल्या रात्री घरीच भिजवून काढून आणा म्हणतात. सासूबाई खूश, त्या रात्री आंघोळ-मालिश उरकून घेता येईल म्हणून. पाय रात्रभर मोकळा राहिला तर बिघडतं का?

डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तिथे रांग एवढी असते की दोन वाक्यांपुढे बोलणं होत नाही.

चिऊची आई:
आमचंही दर आठवड्याला होतं. घरी काढायचं तर निघायच्या दिवशी सकाळी काढा, आदल्या रात्री नको. मोकळं ठेवलं की पाय परत आत ओढला जातो, आठवडाभराची कमाई थोडी जातेच. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं की प्लास्टर लवकर मऊ पडतं. कात्री-सुरी अजिबात नको. आंघोळ त्याच सकाळी, मालिश विसरा.

हाडवैद्य नव्हे:
अस्थिरोग विभागात काम करतो, पण तुमचं बाळ पाहिलेलं नाही, हे धरून वाचा.

डॉ. पॉन्सेटींच्या पद्धतीत अंतर ५ ते ७ दिवसांचं. दर वेळी पाय हाताने हळूहळू थोडा वळवायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. तेवढ्या दिवसांत अस्थिबंध (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) सैल होतात, मग पुढचा टप्पा. नणंदबाईही चुकीचं सांगत नाहीत. मलावीत आठवड्यातून तीनदा बदलून पाहिलं होतं (अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला). तिथे प्लास्टरचे दिवस साधारण ४२ वरून १६ वर आले आणि सुधारणा तशीच झाली. पण त्यासाठी रुग्णालयाजवळ मुक्काम हवा. लांबून येणाऱ्याला आठवडाच बरा.

दोन आठवड्यांनी पाय वाया जात नाही, उपचार लांबतो एवढंच. मला काळजी वेगळी आहे. या वयात बाळ भराभर वाढतं, पाय मारतं आणि प्लास्टर खाली सरकतं. रोज बोटं बघा. आज दिसणारी बोटं उद्या आत गेली, तर प्लास्टर निसटलंय. ते लगेच काढायचं, मंगळवारची वाट बघायची नाही. निसटलेल्या प्लास्टरने पाय आणखी अवघड होऊन बसतो. बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत येत नसेल, बोटं निळी किंवा गार पडली, तर गणपती असो वा दिवाळी, तडक तातडीच्या विभागात जा.

चिऊची आई:
आणि शेवटी टाचेमागची ताठ शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) कापतात, त्यानंतरचं प्लास्टर मात्र तीन आठवडे असतं बरं का! तेव्हा "इतके दिवस का?" म्हणून घाबरू नका. शीर पुन्हा जुळायला तेवढा वेळ लागतोच.

धागाकर्ती:
धन्यवाद दोघांनाही. ओपीडीला फोन केला. पॉन्सेटी शिकलेले दुसरे डॉक्टर शनिवारी असतात म्हणे, पण चिठ्ठीवर आधीच्या डॉक्टरांची सही लागेल. ती व्हॉट्सॲपवर चालते का, ते विचारतेय. बोटं आत्ता पाचही दिसताहेत, दोन्ही पायांची. शीर कापल्यावरचं प्लास्टर निघालं की बूट घालायचे असतात, ते मधल्या आडव्या पट्टीने जोडलेलेच ना? किती महिने?

हाडवैद्य नव्हे:
हो, तेच. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग फक्त झोपेत, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. सरकारी योजनेतून बूट फुकट मिळतात का, ते शनिवारीच विचारून ठेवा.